जॉर्डनला पिपेन लागलाच ना? एकट्या सुपरस्टारच्या जोरावर चॅम्पियनशिप येते का?

पहाटपाखरू :

रविवारी जेवताना पुतण्याशी वाद झाला. तो अकरावीत आहे, कॉलेजच्या संघातून खेळतो. मी ज्या काळातली एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) उराशी धरून बसलोय, म्हणजे शिकागोच्या मायकल जॉर्डनचा आणि त्याचा सोबती स्कॉटी पिपेनचा काळ, तेव्हा या पोराचा जन्मही झाला नव्हता. तो म्हणाला, "काका, जॉर्डन जॉर्डन काय करता, पिपेन नसता तर एकही चॅम्पियनशिप आली नसती." मी ताडकन उत्तर दिलं खरं, पण रात्री आडवा झाल्यावर डोक्यात तेच घोळत राहिलं. शेवटी उठून जुने स्कोअर काढले. जे दिसलं ते इथे मांडतो.

२० एप्रिल १९८६, बॉस्टन गार्डन. प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्या फेरीचा दुसरा सामना. पायाचं हाड मोडल्यामुळे जॉर्डन त्या सीझनमध्ये जेमतेम १८ सामने खेळला होता. समोर बॉस्टनचे बर्ड, मॅकहेल, पॅरिश, डेनिस जॉन्सन आणि बेंचवरून येणारा बिल वॉल्टन. पाचही जण हॉल ऑफ फेममध्ये आहेत. अशा संघाविरुद्ध जॉर्डनने ६३ पॉइंट केले. प्लेऑफच्या एका सामन्यात इतके पॉइंट आजवर कुणीही केलेले नाहीत. आणि शिकागो हरलं. दोन ओव्हरटाइमनंतर १३५-१३१, आणि सिरीज ३-०.

त्याच्या पहिल्या तीन वर्षांचा प्लेऑफचा हिशोब काढला तर दहा सामने, एक विजय. दहात एक! माणूस तोच, उडी तीच, जिद्द तीच.

१९८७ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पिपेन आणि होरेस ग्रँट आले. इथवर पुतण्याचं म्हणणं बरोबर वाटतं. पण पुढे बघा. १९८८, १९८९, १९९० अशी सलग तीन वर्षं डेट्रॉइटने शिकागोला घरी पाठवलं. १९९० च्या सातव्या सामन्यात पिपेनचं डोकं अर्धशिशीने फुटत होतं, दहा शॉटपैकी एकच आत गेला. म्हणजे पिपेन संघात येणं पुरेसं नव्हतं. पिपेन घडावा लागला, आणि त्याला चार वर्षं लागली.

आता ज्याने माझी झोप उडवली ती गोष्ट. १९९१ ला शिकागोने पहिली चॅम्पियनशिप जिंकली, त्या वर्षीच्या ऑल-स्टार सामन्यात (सीझनच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यात) शिकागोचा एकच खेळाडू होता. जॉर्डन. पिपेनला घेतलंच नव्हतं! आणि तोच पिपेन त्या फायनलमध्ये दुसऱ्या सामन्यापासून समोरच्या लॉस एंजेलिस लेकर्सच्या मॅजिक जॉन्सनच्या अंगाला चिकटून राहिला, आणि निर्णायक पाचव्या सामन्यात त्याने ३२ पॉइंट आणि १३ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर हाती घेतलेले बॉल) घेतले.

मग सांगा, जॉर्डनकडे 'स्टार' सोबती होता की नव्हता? माझं मत असं बनत चाललंय की आपण प्रश्नच चुकीचा विचारतो.

---

ह्यूस्टनवासी :

छान धागा. पण जॉर्डनचं नाव निघालं की १९९४ कुणी आठवत नाही, म्हणून मला लिहायलाच हवं.

मी १९९३ च्या ऑगस्टमध्ये एम.एस.साठी ह्यूस्टनला आलो. बास्केटबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. चार जणांच्या अपार्टमेंटमध्ये एक जुना टीव्ही होता आणि त्यावर हकीम ओलाजुवान दिसायचा. लागोसहून आलेला माणूस, लहानपणी हँडबॉल आणि फुटबॉल खेळलेला, किशोरवयात पहिल्यांदा बास्केटबॉल हातात घेतलेला. बास्केटकडे पाठ करून तो खांदा एकीकडे टाकायचा, डिफेन्स तिकडे झुकला की पाय दुसरीकडे. सात फुटी माणसाचे असे पाय मी त्यानंतर पाहिले नाहीत.

त्या वर्षी त्या संघात दुसरा एकही ऑल-स्टार नव्हता. ऑटिस थॉर्प, व्हर्नन मॅक्सवेल, केनी स्मिथ, रॉबर्ट होरी, मारिओ एली, आणि सॅम कसेल तर पहिल्याच वर्षाचा. फिनिक्सविरुद्ध घरच्या मैदानावर पहिल्या दोन सामन्यांत मोठमोठ्या आघाड्या घालवल्या तेव्हा इथल्या वर्तमानपत्राने शहराला 'चोक सिटी' म्हटलं होतं. महिन्याभरात त्याचं 'क्लच सिटी' झालं. न्यूयॉर्कविरुद्धच्या फायनलचा सहावा सामना, दोन पॉइंटची आघाडी, शेवटचा सेकंद. न्यूयॉर्कच्या स्टार्क्सने थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) सोडला आणि हकीमच्या बोटांनी तो हवेतच वळवला. त्या सीझनचा एमव्हीपी (सर्वात मौल्यवान खेळाडू), सर्वोत्तम डिफेन्स खेळाडू आणि फायनलचा एमव्हीपी, तिन्ही मान एकाच सीझनमध्ये मिळवणारा तो एकटाच.

तेव्हा मूळ प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. स्टार सोबती लागत नाही. आम्ही पाहिलंय.

---

चौथा_क्वार्टर :

ह्यूस्टनवासी, तुमच्या भावना कळतात, पण एका फुलाने वसंत होत नाही. १९९५ ला तुमच्याच संघाने फेब्रुवारीत थॉर्प देऊन क्लाइड ड्रेक्सलर घेतला ना? सहाव्या क्रमांकावरून येऊन चॅम्पियनशिप घेतली ती हकीम आणि ड्रेक्सलर या जोडीने. खुद्द विजेत्या संघालाच दुसऱ्या वर्षी सोबती शोधावा लागला.

बाकीचा इतिहास पाहा. बॉस्टनच्या बिल रसेलने १३ सीझनमध्ये ११ वेळा जिंकलं, पण त्याच्या अवतीभवती कूझी, सॅम जोन्स, हॅवलिचेक होते. विल्ट चेंबरलेनने १९६१-६२ ला सरासरी ५०.४ पॉइंट केले, एका सामन्यात १०० केले, आणि वर्षाच्या शेवटी बॉस्टनकडून सातव्या सामन्यात हरला. मॅजिककडे करीम आणि जेम्स वर्दी. शॅककडे कोबी ब्रायंट.

लेब्रॉनचं उदाहरण तर सर्वात स्पष्ट. २००७ ला डेट्रॉइटविरुद्ध पाचव्या सामन्यात क्लीव्हलँडचे शेवटचे २५ पॉइंट त्याने एकट्याने केले. फायनलला नेलं संघाला. तिथे सॅन अँटोनिओने ४-० ने झाडून काढलं. २०१५ च्या फायनलआधीच त्याचा सोबती केव्हिन लव्ह जायबंदी, दुसरा सोबती कायरी अर्विंग पहिल्याच सामन्यात गुडघा घेऊन बसला. लेब्रॉनची त्या फायनलमधली सरासरी ३५.८ पॉइंट, १३.३ रिबाउंड, ८.८ असिस्ट (सोबत्याच्या बास्केटसाठी दिलेले पास). एखाद्या माणसाने यापेक्षा अधिक काय करावं? तरी गोल्डन स्टेटकडून ४-२ ने हार. वर्षभराने कायरी धडधाकट होता, तर ३-१ ने मागे पडूनही जिंकले, आणि सातव्या सामन्यात बरोबरी फोडणारा थ्री कायरीचाच.

तोच लेब्रॉन, तीच गोल्डन स्टेट. फरक फक्त सोबत्यांचा.

---

कट्ट्यावरचा :

सचिनची आठवण झाली. चेन्नई १९९९, पाकिस्तानविरुद्ध पाठदुखीसह १३६, तो बाद झाल्यावर उरलेले तीन गडी चार धावांत गेले आणि १२ धावांनी हरलो. एकट्याने कुठवर ओढायचं? सगळ्या खेळांत हेच.

---

पहाटपाखरू :

कट्ट्यावरचा, तो दिवस माझ्याही काळजाला घर करून आहे. पण एक मोठा फरक आहे. सचिन खेळत असताना वसीम अक्रमला त्याच्यावर एकाच वेळी दोन चेंडू टाकता येत नव्हते. बास्केटबॉलमध्ये समोरचा संघ दोन माणसं एकावर सोडू शकतो. जॉर्डनवर डेट्रॉइटने तेच केलं. डावीकडे गेला की एक, मध्ये घुसला की दुसरा, हवेत उडाला की तिसऱ्याचं कोपर. क्रिकेटमध्ये मोठ्या खेळाडूला एकटं पाडता येत नाही, त्याचे सोबती बाद होत जातात म्हणून तो एकटा पडतो. इथे एकटं पाडणं हाच डाव असतो.

---

संत्रानगरी :

शेवटी मुद्द्याचं बोललात दादा. मी नागपूरला शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते, बारा वर्षं झाली. आमच्याकडे दरवर्षी एखादी मुलगी अशी येते जी एकटीच वीस पॉइंट करते, आणि दरवर्षी तिच्या पालकांना वाटतं की बाकीच्यांनी फक्त तिला बॉल द्यावा. म्हणून हा विषय माझ्यासाठी रोजचा आहे.

कोर्टवर पाच विरुद्ध पाच. एकीवर दोघी धावल्या की उरतात चार विरुद्ध तीन. हिशोब एवढा सोपा आहे. आता त्या चौघींपैकी दोघी अशा असतील की मोकळ्या सोडल्या तरी बॉल रिंगपर्यंत पोहोचत नाही, तर समोरच्या तिघींना खरं तर दोघींनाच सांभाळायचंय. मग डबल-टीमची (एकीवर दोघी सोडण्याची) काही किंमतच मोजावी लागत नाही. पण चौघीही मोकळ्या शॉटला हमखास टाकणाऱ्या असतील, तर दुसरी डिफेंडर निघताना एक क्षण थबकते. त्या एका क्षणातच मोठी खेळाडू निसटते. सोबती लागतात ते बहुतेक वेळा बॉलला हात न लावता. नुसतं तिथे उभं राहून समोरच्याच्या मनात धास्ती ठेवायची.

हकीमचा संघ नेमका असाच होता. तो आत, बाकी बाहेर पसरलेले. त्या वर्षी लीगमध्ये सर्वात जास्त थ्री टाकणारा संघ ह्यूस्टनच होता. तेव्हा ह्यूस्टनवासी आणि चौथा_क्वार्टर, तुम्ही दोघंही एकच गोष्ट वेगवेगळ्या टोकांनी धरून ओढताय.

आणखी एक. २००१-०२ पासून एनबीएने झोन डिफेन्सला (ठरावीक माणसाऐवजी जागा सांभाळण्याला) परवानगी दिली. त्याआधी डबल-टीमला जायचं तर उघडपणे आपला माणूस सोडून जावं लागायचं, अधेमध्ये रेंगाळता येत नव्हतं. आता रेंगाळता येतं. म्हणजे आजच्या सुपरस्टारला शूटर सोबती जॉर्डनच्या काळापेक्षाही जास्त लागतात.

---

बर्फाळडेन्व्हर :

ताई, शेवटच्या दोन परिच्छेदांसाठी उभं राहून टाळ्या.

२०११ च्या डॅलसबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. डर्क नोविट्स्की त्या संघाचा एकमेव ऑल-स्टार, आणि समोर मायामीत लेब्रॉन, वेड, बॉश. 'एकट्याने तिघांना हरवलं' असं सगळीकडे सांगितलं जातं. मला ते अर्धसत्य वाटतं. ३८ वर्षांचा जेसन किड, शॉन मॅरियन, टायसन चँडलर, जेसन टेरी. किड दहा वेळा ऑल-स्टार राहिलेला माणूस. चँडलर पुढच्याच वर्षी न्यूयॉर्ककडून सर्वोत्तम डिफेन्स खेळाडू ठरला. हे मावळलेले किंवा अजून न उगवलेले तारे होते.

आणि सहावा सामना आठवा. चॅम्पियनशिप एका विजयावर, आणि पहिल्या हाफमध्ये डर्कचे बारापैकी अकरा शॉट चुकले. अकरा! तो सामना कुणी धरून ठेवला? टेरीने. २७ पॉइंट, त्यातले बहुतेक पहिल्या हाफमध्ये. दुसऱ्या हाफमध्ये डर्क भानावर आला आणि शेवट त्याने केला. मला या एका सामन्यात सगळं उत्तर दिसतं. मोठ्या खेळाडूची रात्र वाईट जाणार, कधी ना कधी जाणारच. त्या रात्री सामना हातात ठेवणारं कुणी हवं.

---

कट्ट्यावरचा :

हे पटलं. मागे घेतो 'सगळ्या खेळांत हेच'.

---

अकरावी_ब :

नमस्कार, मी नवीन सदस्य. वर ज्या पुतण्याचा उल्लेख आहे तो मीच. काकांनी लिंक पाठवली.

काका, पहिली गोष्ट, १९९१ च्या ऑल-स्टारमध्ये पिपेन नव्हता हे मला माहीत नव्हतं. ते मान्य. पण तुम्ही १९९३-९४ का गाळलं? जॉर्डन बेसबॉल खेळायला गेला आणि शिकागोने तरीही ५५ सामने जिंकले. त्याच्या आदल्या वर्षी तो असताना ५७ जिंकले होते. म्हणजे पिपेन, ग्रँट, प्रशिक्षक फिल जॅक्सन मिळून किती मोठं काही उभं राहिलं होतं! पण दुसऱ्या फेरीत न्यूयॉर्ककडून सात सामन्यांत हरले. जॉर्डनशिवाय चांगला संघ, जॉर्डनसह चॅम्पियन. आणि पिपेनशिवाय जॉर्डन म्हणजे दहात एक. मला वाटतं दोन्ही बाजू इतक्या स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच संघात दिसत नाहीत.

आता माझ्या वेळचं उदाहरण देतो, कारण तुम्ही सगळे जुनंच सांगताय. डेन्व्हरचा निकोला योकिच. २०२१ ला एमव्हीपी, २०२२ ला पुन्हा एमव्हीपी. पण त्याचा सोबती जमाल मरेचा गुडघा एप्रिल २०२१ मध्ये गेला आणि पुढचा अख्खा सीझन तो खेळलाच नाही. त्या दोन वर्षांत काय झालं? २०२१ ला फिनिक्सने ४-० ने हरवलं, २०२२ ला गोल्डन स्टेटने पहिल्याच फेरीत ४-१ ने. २०२३ ला मरे परत आला. त्या वर्षी योकिचला एमव्हीपी मिळालं नाही, ते एम्बीडला गेलं. आणि डेन्व्हरने चॅम्पियनशिप जिंकली. मायामीविरुद्ध तिसऱ्या सामन्यात योकिच ३२-२१-१० आणि मरे ३४-१०-१० (पॉइंट, रिबाउंड, असिस्ट). एकाच संघाच्या दोघांनी एकाच सामन्यात तीस पॉइंटसह ट्रिपल-डबल (तिन्ही आकडे दहा किंवा जास्त) करणं एनबीएत पहिल्यांदाच घडलं.

मरे तोवर एकदाही ऑल-स्टार झालेला नव्हता. म्हणून मी म्हणतो, कागदावरचा स्टार नको. पण मरे हवाच. त्या दोघांचा पिक-अँड-रोल (एकाने डिफेंडरला आडवं उभं राहून अडवायचं आणि मग बास्केटकडे वळायचं) असा चालतो की कुणावर दोघं पाठवायचे हेच समोरच्याला ठरवता येत नाही.

(काका, सामने पहाटे सहाला असायचे तेव्हा तुम्ही मला उठवायचात. हे सगळं तिथूनच सुरू झालं.)

---

पहाटपाखरू :

लिहीत राहा रे. मरेचं उदाहरण माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी शोधत होतो ते हेच, एकच सुपरस्टार, सोबतीसह आणि सोबतीशिवाय.

---

चौथा_क्वार्टर :

पुतण्याला सलाम. पण उलट बाजूही नोंदवली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मोठी नावं गोळा केली की झालं. २००४ ला लेकर्सकडे शॅक, कोबी, कार्ल मलोन, गॅरी पेटन. डेट्रॉइटने त्यांना ४-१ ने लोळवलं, आणि त्या डेट्रॉइट संघातून त्या वर्षी ऑल-स्टार फक्त बेन वॉलेस. ब्रुकलिनने ड्युरंट, हार्डन, कायरी एकत्र आणले. तिघं मिळून नियमित सीझनचे जेमतेम १६ सामने एकत्र खेळले. २०२१ ला मिलवॉकीविरुद्ध सातव्या सामन्यात ड्युरंटचा शेवटच्या सेकंदाचा शॉट आत गेला, पण पायाचं बोट रेषेवर होतं. तीनऐवजी दोन पॉइंट, ओव्हरटाइम, आणि हार.

त्या मिलवॉकीकडे यानिसबरोबर मिडलटन आणि जरू हॉलिडे. यानिसने फायनलच्या सहाव्या सामन्यात ५० केले, ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याआधी चौथ्या सामन्यात मिडलटनचे ४० आणि पाचव्यात शेवटच्या क्षणी बुकरच्या हातातून हॉलिडेने हिसकावलेला बॉल नसता, तर ते ५० नुसते आकड्यांत राहिले असते.

---

ह्यूस्टनवासी :

मी पहिल्या प्रतिसादात 'स्टार सोबती लागत नाही, आम्ही पाहिलंय' असं लिहिलं होतं. ते शब्दशः खरं आहे, पण ताईंचं वाचल्यावर त्या संघाकडे मी पुन्हा पाहिलं. होरी पुढे लेकर्स आणि सॅन अँटोनिओबरोबर मिळून एकूण सात चॅम्पियनशिप जिंकला. कसेल दहा वर्षांनी ऑल-स्टार झाला. आम्ही त्यांना हकीमभोवतालची माणसं समजत होतो. हकीमने मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. दोघं अंगावर आले की तो जबरदस्ती शॉट घ्यायचा नाही, बॉल बाहेर टाकायचा. तीस वर्षांनी आज मला त्याच्या शॉटपेक्षा ते पास जास्त आठवतायत.

---

बर्फाळडेन्व्हर :

कोबीचंही असंच नाही का? २२ जानेवारी २००६ ला टोरंटोविरुद्ध ८१ पॉइंट, त्या सीझनची सरासरी ३५.४, आणि पहिल्याच फेरीत फिनिक्सविरुद्ध ३-१ ने पुढे असूनही बाहेर. फेब्रुवारी २००८ मध्ये पाऊ गसोल आला, मग सलग तीन फायनल आणि दोन चॅम्पियनशिप. २०१० च्या बॉस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात कोबीचे २४ पैकी फक्त सहा शॉट आत गेले. गसोलने १९ पॉइंट आणि १८ रिबाउंड घेतले, आर्टेस्टने शेवटच्या मिनिटाला थ्री मारला. ८१ वाल्या वर्षी हात रिकामे, आणि २४ पैकी सहा वाल्या रात्री ट्रॉफी. कोबीनेही त्या रात्री १५ रिबाउंड घेतले हे मात्र विसरू नका. शॉट पडत नसतील तर दुसरं काहीतरी उपसायचं, हेही सुपरस्टारचंच काम.

---

पहाटपाखरू :

माझं मत आता नीट मांडतो. सुपरस्टारला नावाजलेला सोबती लागतोच असं नाही. पण ज्याला शेवटच्या चार मिनिटांत मोकळं सोडायची समोरच्या संघाची हिंमत होणार नाही, असा निदान एक तरी लागतो. त्याचं नाव पॅक्सन असेल, टेरी असेल, मरे असेल. आणि त्याच्याकडे बॉल देण्याची तयारी सुपरस्टारमध्ये लागते. ही दुसरी अट जास्त कठीण आहे, कारण ६३ करू शकणाऱ्या माणसाला हातातला बॉल सोडताना काय वाटत असेल याची आपण कल्पनाही करू शकत नाही. जॉर्डनला तिथवर यायला सात वर्षं लागली.

१९९१ चा पाचवा सामना. लेकर्स जॉर्डनवर माणसं टाकतायत, तो तरीही घुसतोय. फिल जॅक्सन त्याला विचारत राहिला, मोकळा कोण आहे? पॅक्सन. शेवटच्या चार मिनिटांत जॉन पॅक्सनने दहा पॉइंट केले. १९९७ ला युटाविरुद्ध सहाव्या सामन्यात ८६-८६ असताना स्टॉकटन जॉर्डनकडे धावला, आणि जॉर्डनने क्षणही न दवडता मोकळ्या स्टीव्ह करकडे बॉल दिला. तो शॉट मी आजवर पन्नास वेळा तरी पाहिला असेन. प्रत्येक वेळी नजर करवर असायची. काल रात्री पहिल्यांदा मी फक्त जॉर्डनचे डोळे पाहिले. बॉल हातातून सुटण्याआधीच त्याला ठाऊक होतं कोण येणार आणि कोण मोकळा राहणार.

---

अकरावी_ब :

काका, म्हणजे मी बरोबर होतो?

---

पहाटपाखरू :

पिपेनबद्दल हो. 'एकही आली नसती' हे मी अजून मान्य करत नाही. रविवारी ये, उरलेलं जेवताना बोलू.

---

संत्रानगरी :

दादा, १९९१ च्या त्या पाचव्या सामन्याचा शेवटचा क्वार्टर शनिवारी मुलींना दाखवणार आहे. यंदाच्या संघात एक नववीतली मुलगी आहे, कोपऱ्यातून दहापैकी सहा शॉट टाकते, पण सामन्यात कुणी तिला बॉलच देत नाही आणि तीही मागत नाही. आमच्या 'जॉर्डन'ला तिच्या शेजारी बसवून दाखवते. आवाज बंद ठेवेन, आणि दोघींना फक्त पॅक्सन कुठे उभा आहे ते बघायला सांगेन.